परदेशी रोपांची सामूहिक खरेदी आणि जबाबदारीची वाटणी

एका व्यक्तीला परवडणार नाही किंवा एका व्यक्तीला परदेशी विक्रेता देणारच नाही, अशी वस्तू अनेकांनी मिळून एकाच मागणीपत्राने मागवणे याला सामूहिक खरेदी म्हणतात, आणि हौशी संग्राहकांच्या बोलण्यात तिचे ‘ग्रुप बाय’ हेच नाव रूढ आहे. या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही जितके ठळकपणे जिवंत रोपांच्या आयातीत दिसतात तितके अन्य वस्तूंच्या बाबतीत क्वचितच दिसतात, कारण येथे माल वाटेत मरू शकतो, त्याच्याबरोबर कीड येऊ शकते आणि त्याचे मूळ एखाद्या जंगलातही असू शकते. थायलंडमधील नखोन पथोम परिसरातील रोपवाटिकांकडून ऑर्किड, होया, अडेनियम किंवा अळूच्या कुळातील रंगीत पानांची झाडे मागवणारा मुंबई, पुणे किंवा गोव्यातील संग्राहक बहुधा एकटा नसतो. एक आयोजक विक्रेत्याची यादी सदस्यांपुढे ठेवतो, मागण्या आणि आगाऊ रक्कम गोळा करतो, परदेशी पैसे पाठवतो, आलेली खोकी सोडवून घेतो आणि नंतर प्रत्येकाची रोपे त्याच्या गावी रवाना करतो. व्यवहार दिसायला एवढाच असला, तरी त्यात खरेदीदार, मध्यस्थ, आयातदार आणि वितरक या चार भूमिका एकाच माणसाकडे आलेल्या असतात, आणि पुढील बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

या पद्धतीचा पहिला लाभ निव्वळ हिशेबाचा आहे. रोपांच्या आयातीतील बराच खर्च रोपांच्या संख्येवर अवलंबून नसतो. निर्यातदार देशातील तपासणी आणि प्रमाणपत्र, भारतातील आयात परवाना, मालाची कागदपत्रे सादर करून तो सोडवणाऱ्या कस्टम हाउस एजंटचे मानधन आणि विमान कंपनीचे किमान भाडे हा खर्च पाच रोपांसाठी आणि पाचशे रोपांसाठी फारसा वेगळा नसतो. भाड्यातही एक गुंतागुंत असते. हवाई मालवाहतुकीत प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी होते. आकारमानी वजन म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्या गुणाकाराला साधारणपणे ६,००० ने भागून येणारी संख्या. ६० × ४० × ४० सेंटिमीटरचे खोके त्यामुळे १६ किलोचे ठरते, मग त्यातील माती काढलेली, मुळे शेवाळात गुंडाळलेली रोपे प्रत्यक्षात ६-७ किलोचीच का असेनात. अर्धे भरलेले खोके पाठवणे म्हणजे हवेचे भाडे भरणे होय, आणि खोके पूर्ण भरण्याइतकी रोपे एका घराच्या बाल्कनीत मावत नाहीत.

उदाहरणादाखल असा संख्येवर अवलंबून नसलेला खर्च ६०,००० रुपये धरला, तर १० सदस्यांत प्रत्येकी ६,००० रुपये येतात, २० सदस्यांत ३,००० आणि ४० सदस्यांत १,५००. याच हिशेबाची दुसरी बाजू मात्र क्वचित मांडली जाते. एकेचाळिसावा सदस्य आल्याने इतरांचे प्रत्येकी सुमारे ३७ रुपये वाचतात, आणि त्याची मागणी, त्याचे पैसे, त्याची रोपे ओळखून वेगळी करणे, बांधणे, पाठवणे आणि त्याची तक्रार ऐकणे हे काम पहिल्या सदस्याइतकेच राहते. म्हणजे बचत झपाट्याने आटत जाते आणि श्रम सरळ रेषेत वाढत जातात, म्हणून गट जितका मोठा तितका फायदा मोठा ही समजूत एका मर्यादेपलीकडे चुकीची ठरते. ती मर्यादा ओलांडल्यावरही गट वाढवत नेणाऱ्या आयोजकाचा हेतू बहुतेकदा खर्च वाटण्यापेक्षा प्रत्येक रोपावर मिळणाऱ्या मोबदल्याशी अधिक निगडित असतो, आणि हे सदस्यांनी ओळखायला हवे.

तरीही स्वस्ताई हा सामूहिक खरेदीच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद नव्हे. ज्या खर्चाची वाटणी होते तो खर्च मुळात का करावा लागतो, हे पाहिल्यावर खरा युक्तिवाद दिसतो. परदेशातून येणाऱ्या रोपांवर भारतात १९१४ च्या विनाशकारी कीड व रोग अधिनियमाखाली काढलेला २००३ चा वनस्पती संगरोध आदेश लागू आहे. संगरोध म्हणजे बाहेरून आलेली वनस्पती तपासून, गरज पडल्यास वेगळी ठेवून, तिच्याबरोबर कीड किंवा रोग आत येणार नाही याची केलेली व्यवस्था. या आदेशानुसार लागवडीच्या रोपांसाठी आधी आयात परवाना घ्यावा लागतो, निर्यातदार देशाच्या अधिकृत यंत्रणेने दिलेले वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, म्हणजे संग्राहकांच्या भाषेतील ‘फायटो’, बरोबर असावे लागते, मुळांना माती असून चालत नाही आणि माल ठरवून दिलेल्या बंदरावर किंवा विमानतळावरच उतरवून तपासून घ्यावा लागतो. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराने या प्रमाणपत्राला जगभर एकसारखे रूप दिले, आणि त्यामागे अनेक देशांनी सोसलेल्या नुकसानीचा इतिहास आहे.

महाराष्ट्राला तो इतिहास शेजारच्या बांधावर पाहता येतो. गाजर गवत १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात प्रथम लक्षात आले आणि ते आयात धान्याबरोबर आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज ते देशभरच्या पडीक जमिनींवर आहे. ते कोणी हौसेने आणले नव्हते, पण घाणेरी आणि जलपर्णी या दोन्ही वनस्पती शोभेसाठीच एकोणिसाव्या शतकात भारतात आणल्या गेल्या, आणि पंचगंगेपासून पवनेपर्यंतच्या नद्यांवरचा जलपर्णीचा हिरवा थर दरवर्षी काढण्यासाठी नगरपालिकांना पैसे मोजावे लागतात. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरजवळ आढळला आणि थोड्याच काळात महाराष्ट्रातील पपईच्या बागांपर्यंत पोहोचला. त्याला आवरण्यासाठी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून परजीवी कीटक रीतसर परवानगीने आणून सोडावे लागले. मध्य अमेरिकेकडील रुगोज चक्राकार पांढरी माशी २०१६ मध्ये तामिळनाडूतील पोल्लाची परिसरात नोंदली गेली आणि काही वर्षांत कोकण-गोव्याच्या नारळबागांत दिसू लागली. नारळाच्या झावळ्यांवर काळी बुरशी धरलेल्या बागायतदाराला ऑर्किडच्या संग्रहाशी काही देणेघेणे नसते, तरी अशा आयातीच्या चुकीची किंमत भरणाऱ्यांत त्याचा क्रमांक पहिला लागू शकतो.

एकट्या संग्राहकाला चार-पाच रोपांसाठी ही सारी प्रक्रिया परवडत नाही, आणि न परवडणारा कायदा लोक पाळत नाहीत ही शोचनीय पण खरी गोष्ट आहे. प्रवासी सामानात कपड्यांच्या घड्यांमध्ये दडवलेली रोपे, किंवा खोक्यावर प्लास्टिकची फुले अथवा खेळणी असे वर्णन लिहून टपालाने पाठवलेली पाकिटे हा त्यावरचा चोरटा उपाय असतो. भेटवस्तू म्हणून पाठवण्याची वाटही परकीय व्यापार महासंचालनालयाने डिसेंबर २०१९ मध्ये बंद केली. टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या आणि भेट म्हणून सोडवल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी तेव्हा केवळ जीवनरक्षक औषधे आणि राख्या या बंदीतून वगळल्या गेल्या. अशा स्थितीत सामूहिक खरेदी एक महत्त्वाचे काम करते, ते म्हणजे कायदेशीरपणाची किंमत सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात आणणे. चाळीस जणांनी वाटून घेतलेले फायटो, परवाना आणि तपासणी यांमुळे प्रत्येकाला प्रामाणिक राहणे शक्य होते. यावरूनच या पद्धतीचे मूल्यमापन करण्याची कसोटीही मिळते. जो गट कागदपत्रे टाळून रोपे आणखी स्वस्त करतो, त्याने आपल्या अस्तित्वाचे एकमेव सार्वजनिक समर्थन स्वतःच्या हाताने गमावलेले असते. त्याच्याजवळ उरते ती केवळ मोठ्या प्रमाणावर केलेली चोरटी आयात.

येथून आयोजकाच्या स्थानाचा प्रश्न उभा राहतो. सदस्यांच्या वतीने, त्यांच्या पैशांनी आणि त्यांनी सांगितलेल्या वस्तू खरेदी करणारा आयोजक १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या अर्थाने अभिकर्ता, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारी व्यक्ती ठरतो. त्या अधिनियमाच्या कलम २१३ नुसार मागणी होताच हिशेब देणे त्याचे कर्तव्य असते, आणि कलम २१६ नुसार सदस्यांच्या नकळत त्याने त्याच व्यवहारात स्वतःसाठी सौदा केला असेल, तर त्यातून झालेला लाभ सदस्य मागू शकतात. निर्यातदाराने मोठ्या मागणीवर दिलेली सवलत किंवा वरकड टाकलेली रोपे कोणाची, या नेहमीच्या वादाचे उत्तर भावनेत शोधण्याची गरज नाही; आधी काही वेगळे ठरले नसेल तर ती गटाची आहेत. मात्र आयोजक स्वतःच्या नावाने माल विकत घेऊन नफा धरून तो पुन्हा विकत असेल, तर तो अभिकर्ता उरत नाही, तो व्यापारी होतो. व्यापारी असणे यात काही गैर नाही, परंतु मग आयात-निर्यात संकेतांक, वस्तू व सेवा कराची नोंदणी आणि ग्राहक संरक्षण कायद्याखालील विक्रेत्याची जबाबदारी हे सर्व त्याच्याकडे येते. आयात-निर्यात संकेतांकातून सूट मिळते ती व्यापाराशी संबंध नसलेल्या, वैयक्तिक वापरासाठीच्या आयातीला. चाळीस घरांसाठी आलेला माल एका माणसाचा वैयक्तिक वापर असल्याचे भासवणे हे त्या सवलतीच्या हेतूशी विसंगत आहे. परवानाही हस्तांतरणीय नसतो, म्हणून ज्याच्या नावावर तो आहे त्याच्यावर शासनापुढील संपूर्ण जबाबदारी येते आणि बाकीचे सदस्य कायद्याच्या दृष्टीने अदृश्य राहतात. नफा घेताना मित्र आणि नुकसान होताना निव्वळ स्वयंसेवक अशी दुहेरी भूमिका घेणारा आयोजक, आणि सवलत मागताना भागीदार पण कर भरताना ग्राहक होणारा सदस्य, हे दोघेही सारखेच दोषी आहेत.

सामूहिक खरेदी महाराष्ट्राला नवी नाही, आणि जुन्या अनुभवाशी तुलना केल्यास परदेशी व्यवहारातील उणीव अधिक स्पष्ट होते. १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत किराणा माल एकत्र खरेदी करून शेजारी राहणाऱ्या कुटुंबांच्या संघांमार्फत दरमहा वाटत आली आहे. तेथे संस्था नोंदणीकृत असते, खरेदी पुन्हापुन्हा होते, विक्रेता जवळ असतो, माल खराब निघाला तर पुढच्या महिन्यात त्याला जाब विचारता येतो आणि काम अनेक हातांत वाटलेले असते. परदेशी रोपांच्या खरेदीत यांपैकी जवळजवळ काहीच नसते. खरेदी वर्षातून एक-दोनदा होते, सदस्य एकमेकांना पडद्यावरच्या नावांनी ओळखतात, विक्रेता दुसऱ्या कायद्याच्या राज्यात असतो आणि पैसे माल पाहण्याआधीच गेलेले असतात. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातील ग्राहकांना नियमितपणे माल देऊ करणाऱ्या परदेशी संस्थेलाही लागू आहेत, आणि समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांना ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. तरीही दूरच्या छोट्या रोपवाटिकेकडून काही हजार रुपये वसूल करण्यासाठी हा मार्ग व्यवहार्य नसतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या प्रसिद्ध लेखात दाखवले होते की मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर बाजारात निकृष्ट मालच उरण्याकडे कल होतो. छायाचित्रावरून निवडलेल्या, पानांवरचे पांढरे पट्टे पुढे टिकतील की नाही हे न कळणाऱ्या रोपांच्या बाबतीत ही विषमता कमाल असते. गटाचे बळ येथे उपयोगी पडते, पण ते गट टिकाऊ असेल तरच. एकदाच मोठी मागणी देऊन विखुरणाऱ्या चाळीस जणांपेक्षा दरवर्षी परत येणाऱ्या पंधरा जणांना विक्रेता अधिक जपतो.

नुकसानीची वाटणी हा या व्यवहारातील सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. विमान रद्द झाल्याने किंवा तपासणी लांबल्याने खोकी उन्हात पडून राहिली आणि काही रोपे कुजली, तर ज्याच्या नावाची चिठ्ठी त्या रोपावर होती त्यानेच ते नुकसान सोसावे असा प्रघात बहुतेक गटांत आहे. तो सोपा असला तरी न्याय्य नाही, कारण कोणते खोके खाली आणि कोणते वर राहिले हे सदस्याच्या हातात नसते. सागरी व्यापारात यावर फार जुना तोडगा आहे. वादळात जहाज वाचवण्यासाठी काहींचा माल समुद्रात फेकावा लागला, तर ज्यांचा माल वाचला त्यांनीही ते नुकसान प्रमाणात भरून द्यायचे, हे ऱ्होड्स बेटाच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व सहाव्या शतकातील जस्टिनियनच्या विधिसंग्रहात नोंदले आहे आणि आजही ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ या नावाने यॉर्क-अँटवर्प नियमांत चालू आहे. हे तत्त्व रोपांना जसेच्या तसे लावता येणार नाही, कारण उशिराने मेलेले रोप कोणी इतरांसाठी बळी दिलेले नसते. परंतु तपासणी अधिकाऱ्याला एका जातीवर पिठ्या ढेकूण आढळला आणि ती रोपे नष्ट केल्यावर बाकीचा माल सोडण्यात आला, किंवा सगळ्या मालाला मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यावी लागून नाजूक रोपे त्यात होरपळली, तर स्थिती जहाजावरच्या मालासारखीच होते, आणि वाचलेल्यांनी वाटा न उचलणे हा उघड अन्याय ठरतो.

उशिराने किंवा उष्णतेने झालेल्या नुकसानीसाठी सर्वांनी किमतीच्या प्रमाणात एक निधी आधीच बाजूला ठेवणे हा दुसरा मार्ग आहे. त्यात एक खरी अडचण येते. अडेनियमसारखे चिवट, जाड बुंध्याचे झाड आठवडाभर खोक्यात तग धरते, तर पातळ पानांची सावलीतली झाडे चार दिवसांत माना टाकतात. सर्वांचे अंशदान सारखे असेल, तर चिवट झाडे घेणारे नाजूक झाडे घेणाऱ्यांचा विमा भरत राहतात आणि हळूहळू गट सोडतात. म्हणून अंशदान किमतीबरोबर रोपाच्या नाजूकपणावरही ठरवले पाहिजे. असा तक्ता करणे कंटाळवाणे असेल, पण जो गट तो मागणीपूर्वी करतो त्याच्यात खोकी उघडल्यानंतरची भांडणे होत नाहीत.

सामूहिक खरेदीविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप पैशांविषयी नाही. वेगवेगळ्या रोपवाटिकांतून गोळा केलेली शेकडो रोपे एकाच खोक्यात काही दिवस दमट हवेत एकमेकांना चिकटून राहतात, म्हणजे एका रोपावरची कीड बाकीच्यांवर जाण्यासाठी याहून अनुकूल स्थिती नसते. त्यानंतर तीच रोपे आठवड्याभरात रत्नागिरी, नाशिक, नागपूर आणि पणजी अशा भिन्न हवामानाच्या गावांत पोहोचतात. एकट्या आयातदाराच्या चुकीची कीड एका बागेत शिरते. गटाच्या चुकीची कीड एकाच वेळी चाळीस बागांत उतरते, आणि त्यांपैकी एखाद्या ठिकाणचे हवामान तिला मानवण्याची शक्यता त्या प्रमाणात वाढते. तपासणी कितीही काटेकोर असली, तरी पानाच्या बगलेतील अंडी किंवा लक्षणे न दाखवणारा विषाणू नजरेतून निसटू शकतो. म्हणून आयोजकाने रोपे लगेच वाटून टाकणे चुकीचे आहे. काही आठवडे ती एका बंदिस्त जाळीघरात वेगळी ठेवणे, संशयित रोपे जाळणे आणि त्यानंतरच वितरण करणे हा नियम गटाने स्वतःवर घालून घ्यावा, जरी त्यामुळे खर्च आणि अधीर सदस्यांचे फोन दोन्ही वाढले तरीही. खर्च वाटून घेणाऱ्यांनी प्रतीक्षाही वाटून घेतली पाहिजे, कारण धोका पत्करणारा शेतकरी गटाचा सदस्य नसतो आणि त्याला कोणी विचारलेलेही नसते.

दुसरा सार्वजनिक आक्षेप जंगलांसंबंधी आहे. दुर्मिळ वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा ‘साइटीस’ करार १९७५ पासून अमलात आहे, भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने त्याच्या तरतुदी देशाच्या कायद्यात आल्या. या कराराच्या परिशिष्टांत संपूर्ण ऑर्किड कुळ आहे, आणि त्यातील पॅफिओपेडिलम ही प्रजाती सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. तरीही १९९९ मध्ये शास्त्राला ज्ञात झालेली पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स ही जात संग्राहकांच्या मागणीमुळे थोड्याच वर्षांत निसर्गातून जवळजवळ संपली, आणि २०१० मध्ये वर्णिलेल्या पॅफिओपेडिलम कॅन्ही हिचीही तीच गत झाली. एका संग्राहकाची एका रोपाची इच्छा जंगल संपवत नाही; चाळीस जणांची एकत्र नोंदवलेली इच्छा मात्र विक्रेत्यासाठी बाजारपेठ असते, आणि ती पुरवण्यासाठी तो सीमेपलीकडच्या गावात निरोप धाडू शकतो. यादीत ‘जंगली’ किंवा ‘मूळ अधिवासातील’ असे शब्द आकर्षण म्हणून लिहिलेले असतील, तर त्या ओळी गटाने सरसकट वगळाव्यात, कारण कृत्रिम संवर्धनाचे कागद जंगली रोपासाठीही मिळवले जातात, हे या व्यापारात वावरणाऱ्या कोणालाही नवे नाही.

या दोन्ही आक्षेपांना बरेचसे उत्तर देणारा एक मार्ग उपलब्ध असूनही गट त्याकडे फारसे वळत नाहीत. ऑर्किडची बी किंवा ऊती निर्जंतुक बाटलीत पोषक द्रव्यावर वाढवून तयार केलेली इवली रोपे, ज्यांना ‘फ्लास्क’ म्हणतात, बाटलीबंद अवस्थेतच पाठवता येतात. त्यांच्यावर कीड असण्याचा संभव अत्यल्प असतो, त्यांना माती नसते, एका हातात मावणाऱ्या बाटलीत पंचवीस-तीस रोपे येतात, आणि जंगलातून उपटलेले रोप बाटलीत घालता येत नाही. एक बाटली ही स्वभावतःच सामूहिक वस्तू आहे, कारण तिच्यातील सारी रोपे एका घराला नको असतात. अडचण एवढीच की बाटलीतील रोप बाहेरच्या हवेला सरावायला काळजी लागते आणि फूल येण्यास काही वर्षे जातात, तर गटातील बहुतेकांना पुढच्या हंगामात फुललेले झाड छायाचित्रात दाखवायचे असते. आयोजकाने पहिल्या यादीत पूर्ण वाढलेल्या रोपांबरोबर फ्लास्कही ठेवावेत, बाटलीतून काढलेली रोपे सरावण्याचे काम गटातील अनुभवी सदस्याकडे मोबदल्यासह सोपवावे आणि मोठ्या रोपांवरचा नुकसान-निधी फ्लास्कपेक्षा अधिक ठेवावा, म्हणजे निवडीचा कल हिशेबानेच बदलू लागेल. मुंबईच्या विमानतळावर संगरोध अधिकाऱ्यासमोर उघडल्या जाणाऱ्या खोक्यात अशा बाटल्या जितक्या जास्त असतील, तितका पपईच्या आणि नारळाच्या बागायतदाराला त्या खोक्यापासून असलेला धोका कमी राहील.